कॅमेऱ्याला एकच डोळा असतो

समजा, १९३६ सालची नालवाडी पडद्यावर उभी करायची आहे. आज वर्धा शहरात जवळपास मिसळून गेलेले हे गाव तेव्हा शहरापासून दोनेक मैलांवरची छोटी वस्ती होते. १९३२ च्या डिसेंबरात विनोबा इथे राहायला आले आणि केवळ सूत कातून मिळणाऱ्या मजुरीवर पोट भरते का, याचा प्रयोग त्यांनी स्वतःवर करून पाहिला. गोपाळराव वाळुंजकरांचे चर्मालय इथलेच. शेजारच्या दत्तपूरला विनोबांचे सहकारी मनोहरजी दिवाण यांनी १९३६ मध्ये कुष्ठरुग्णांच्या सेवेचे काम सुरू केले. पुढे प्रकृती फारच ढासळल्यावर १९३८ मध्ये विनोबा पवनारला गेले. हे सारे दाखवायचे तर कुडाच्या भिंती, कौलारू छपरे, कडुनिंब, बैलगाडीची वाट आणि मोकळे आभाळ हवे. आजच्या नालवाडीत कॅमेरा कुठेही लावला तरी चौकटीत सिमेंटचे घर, विजेच्या तारा नाहीतर मोबाइलचा टॉवर येणारच.

मग दिग्दर्शकाने काय करावे? सगळी वस्ती खऱ्या आकारात बांधावी तर खर्च परवडत नाही. सगळी वस्ती संगणकात काढावी तर ती फार गुळगुळीत दिसते, भिंतीवरचा शेणाचा हात आणि पावसाने धुपलेला कोपरा तिच्यात सहजी येत नाही. तिसरी वाट अशी: वस्तीची एक-सोळांश आकाराची प्रतिकृती हाताने घडवायची, जिला सिनेमावाले ‘मिनिएचर’ म्हणतात. चार मीटर उंचीचे घर त्यात पंचवीस सेंटिमीटरचे होते आणि बारा मीटरचा कडुनिंब पाऊण मीटरचा. ही प्रतिकृती चारी बाजूंनी टिपून संगणकात उतरवायची, तिच्यातून आभासी कॅमेरा फिरवायचा आणि ते दृश्य एलईडीच्या प्रचंड भिंतीवर चालवून समोर खऱ्या नटाला उभे करायचे. जगातल्या मोठ्या स्टुडिओंत आज अशी सरमिसळ चालते. ती प्रेक्षकाला खरी का वाटते, याचे उत्तर मात्र स्टुडिओपेक्षा नेत्रविज्ञानाच्या पुस्तकात लवकर सापडते.

डोळा वस्तूचा आकार मोजत नाही. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर उमटते ती फक्त प्रतिमा. हातभर अंतरावरची पंचवीस सेंटिमीटरची झोपडी आणि सोळापट अंतरावरची चार मीटरची झोपडी या दोघींची प्रतिमा अगदी सारखी पडते. ती वस्तू लहान आणि जवळ आहे की मोठी आणि लांब, हा निवाडा मेंदू करतो आणि तो हाती असलेल्या पुराव्यांवर करतो. सगळ्यात भक्कम पुरावा दोन डोळ्यांचा. दोन बुबुळांत साधारण सहा सेंटिमीटर अंतर असते, त्यामुळे डाव्या आणि उजव्या डोळ्याला जवळची वस्तू किंचित वेगळी दिसते. या फरकावरून मेंदू खोली ताडतो. जवळचे पाहताना दोन्ही डोळे नाकाकडे वळतात, आतले भिंग फुगते, आणि त्या स्नायूंच्या ताणाचीही खबर मेंदूला लागते. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून पाहावा, म्हणजे या पुराव्याची किंमत कळते.

कॅमेऱ्याला एकच डोळा असतो. मिनिएचरच्या शेजारी उभा असलेला माणूस क्षणभरही फसत नाही, त्याला ते खेळणेच दिसते. तेच दृश्य एका भिंगातून गेले की दोन डोळ्यांचा पुरावा नाहीसा होतो आणि मेंदूकडे उरतात ते दुय्यम साक्षीदार: ओळखीच्या वस्तूंचा आकार, सावल्या, एकाआड एक दिसणाऱ्या वस्तू, धूसरपणा, हालचाल. या साक्षीदारांना नीट पढवून ठेवणे, एवढेच ट्रिकवाल्याचे काम. एका डोळ्याने भागवून घेण्याची मेंदूची ही हातोटी लहान मुलांच्या बाबतीत मात्र महागात पडू शकते. तो भाग पुढे येईलच.

साक्षीदारांपैकी सगळ्यात आधी फुटतो तो धूसरपणा. फार जवळचे पाहताना नजर एका ठिकाणी लागते आणि पुढचे-मागचे अस्पष्ट होते. लांबचे डोंगर पाहताना असे होत नाही, सगळे सारखेच स्पष्ट दिसते. म्हणून चित्रात पुढे-मागे झपाट्याने धूसर होत गेले की मेंदू ठरवतो, ही वस्तू जवळची, म्हणजे लहान. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये हे उलट बाजूने दाखवले. खऱ्या शहराच्या उंचावरून काढलेल्या छायाचित्रात संगणकाने असा धूसरपणा घातला, तेव्हा पाहणाऱ्यांना ते शहर टेबलावरची प्रतिकृती वाटू लागले. मिनिएचर टिपताना म्हणूनच भिंगाचे छिद्र शक्य तितके बारीक करतात. लांबचा फलक वाचताना चष्मा विसरलेला माणूस डोळे बारीक करतो, त्यामागचे शास्त्र हेच. छिद्र बारीक झाले की प्रकाश कमी पडतो. मग एकतर दिव्यांचा भडिमार करायचा, नाहीतर एकेक चौकट सेकंदभर उघडी ठेवून रात्र रात्र टिपत बसायचे.

दुसरी अडचण उंचीची. माणसाचा डोळा जमिनीपासून साधारण १६० सेंटिमीटरवर असतो. एक-सोळांश नालवाडीत तो दहा सेंटिमीटरवर येतो. एवढ्या खाली, दोन झोपड्यांच्या मधल्या बोळात, कॅमेऱ्याचे धूड शिरणार कसे? त्यासाठी लांब नळीच्या टोकाला बारीक भिंग बसवतात. जठरात दुर्बीण घालून व्रण पाहणाऱ्या डॉक्टरला ही नळी ओळखीची वाटेल. अवघड जागी डोळा पोचवण्याची युक्ती दोन्हीकडे एकच आहे.

तिसरा साक्षीदार काळ, आणि त्याला फसवायला गणित लागते. सोळा मीटर उंचीवरून दगड सुटला तर जमिनीवर यायला त्याला सुमारे १.८ सेकंद लागतात. प्रतिकृतीत ही उंची एक मीटर होते, आणि तिथून खडा ०.४५ सेकंदातच पडतो. प्रतिकृती सोळा पटींनी लहान केली तरी पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण काही सोळा पटींनी कमी होत नाही. पडायला लागणारा वेळ उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. सोळाचे वर्गमूळ चार. म्हणून सेकंदाला २४ ऐवजी ९६ चौकटी टिपायच्या आणि नेहमीच्या वेगाने दाखवायच्या. मग कोसळणारे छप्पर जड वाटते. जुन्या पौराणिक चित्रपटांत महाल कोसळताना पुठ्ठ्याचा का वाटतो, याचे कारण बहुधा पुठ्ठ्यात नसते, चौकटींच्या हिशेबात असते.

पाण्यापुढे मात्र हे गणितही हात टेकते. थेंबाचा आकार पृष्ठताण ठरवतो, बांधणारा नव्हे. पावसाचा थेंब पाच-सहा मिलिमीटरच्या वर टिकत नाही, फुटतो. एक-सोळांश गावातही थेंब त्याच मापाचे राहतात, आणि तिथे ते संत्र्याएवढे दिसतात. ज्वालेचेही असेच. धाम नदीला आलेला पूर प्रतिकृतीत दाखवायला गेले तर तो नहाणीतल्या पाण्यासारखा दिसेल. आजच्या मिश्र पद्धतीत म्हणून कामाची वाटणी असते. माती, लाकूड, कौले, गंज, भेगा हाताने घडवायच्या. पाणी, आग, धूळ आणि गर्दी संगणकाकडे सोपवायची.

लहान आकार म्हणजे मोठ्याची हुबेहूब छोटी आवृत्ती नव्हे, हे गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या ग्रंथात हाडांचे उदाहरण देऊन सांगितले होते. बालरोगतज्ज्ञ ते रोज अनुभवतात. नवजात बाळाचे हृदय मिनिटाला १२० ते १६० वेळा धडधडते, मोठ्या माणसाचे ६० ते १००. वजनाच्या मानाने बाळाच्या त्वचेचे क्षेत्रफळ जास्त, म्हणून ते लवकर गार पडते. मोठ्यांच्या गोळीचा चतकोर तुकडा मोडून मुलाला देणारे आईवडील बाळाला मिनिएचर समजतात, आणि तिथेच चुकतात.

आपल्याकडे या साऱ्याची सुरुवात एका माणसापाशी होते, आणि त्याच्या कहाणीतही डोळा मध्यवर्ती आहे. धुंडिराज गोविंद फाळके. त्र्यंबकेश्वरला १८७० मध्ये जन्मलेले, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि नंतर बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले. १८९२ मध्ये अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांनी आदर्श नाट्यगृहाची प्रतिकृती मांडली आणि तिला सुवर्णपदक मिळाले. त्या कामावर खूश झालेल्या एका चाहत्याने त्यांना एक महागडा कॅमेरा भेट दिला. भारतीय चित्रपटाच्या जनकाच्या हाती कॅमेरा आला तो असा, एका मिनिएचरच्या वाटेने.

चलच्चित्राचा ध्यास घेतल्यावर फाळक्यांनी दिवसाचे वीस-वीस तास त्यातच घालवायला सुरुवात केली. रोज चित्रपट पाहायचे, मग प्रयोग करायचे, झोप जेमतेम तीन तास. डोके दुखू लागले, तरी थांबले नाहीत, आणि एक वेळ अशी आली की त्यांना दिसेनासे झाले. डॉ. प्रभाकर नावाच्या नेत्रवैद्यांनी उपचार केले आणि तीन-चार चष्म्यांच्या मदतीने त्यांची दृष्टी परत आली. त्यांच्या आयुष्याच्या काही वर्णनांत याला मोतीबिंदू म्हटले आहे. वैद्यकाच्या दृष्टीने ते पटत नाही. चित्रपट पाहून मोतीबिंदू होत नाही आणि झालेला मोतीबिंदू चष्म्याने जात नाही. वयाची चाळिशी, जागरण, अंधारात लखलखणारा पडदा आणि नंबर न काढलेले डोळे, एवढ्याने असह्य ताण यायला पुरेसे होते. दृष्टी परत आली नसती तर ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला नसता.

दृष्टी सावरल्यावर ते लंडनला गेले, कॅमेरा घेऊन आले, आणि भांडवलदाराला पटवण्यासाठी त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले. महिनाभराहून अधिक काळ रोज थोडे थोडे टिपून त्यांनी अंकुराची वाढ मिनिटभरात दाखवली. काळ आवळण्याची ही युक्ती आणि मिनिएचरमध्ये काळ ताणण्याची युक्ती एकाच जातीच्या. वाटाण्याच्या त्या लघुपटाचे आपल्याकडे कौतुक कमीच झाले आहे. जीवशास्त्राच्या शिक्षकांनी तरी त्याची आठवण ठेवायला हवी.

खरी माणसे आणि छोटी प्रतिकृती एकाच चौकटीत बसवायची धडपड तेव्हापासूनची. जर्मनीत ‘मेट्रोपोलिस’ (१९२७) साठी ऑयगेन शुफ्टानने कॅमेऱ्यासमोर ४५ अंशांत आरसा ठेवला. आरशात प्रतिकृती दिसायची, आणि आरशाचा पारा जिथे खरवडला होता तिथून पलीकडचे नट दिसायचे. मुंबईत बाबूभाई मिस्त्रींनी १९३७ च्या ‘ख्वाब की दुनिया’त काळ्या पार्श्वभूमीवर काळ्या दोऱ्याने वस्तू हवेत फिरवल्या, आणि ‘काला धागा’ हे नाव त्यांना कायमचे चिकटले. काळ्यावर काळे दिसत नाही, कारण डोळा रंगापेक्षा आधी उजेडातला फरक टिपतो. पुण्याच्या प्रभात कंपनीच्या ‘संत तुकाराम’ (१९३६) मध्ये तुकोबांना न्यायला आलेले गरुडविमान पाहून थिएटरात हात जोडले जात. त्या प्रेक्षकांना भाबडे म्हणण्याचे कारण नाही, त्यांच्या मेंदूने पुरावे तपासूनच निकाल दिला होता.

अलीकडचा धागाही मुंबईपर्यंत येतो. ‘इंटरस्टेलर’ (२०१४) मध्ये अवकाशयानांची मोठमोठी मिनिएचर बांधली होती, आणि यानाच्या खिडकीबाहेरचे आकाश संगणकावर आधीच तयार करून प्रोजेक्टरने सेटभोवतीच्या पडद्यांवर पाडले होते. त्यामुळे नटाच्या चेहऱ्यावर त्या ताऱ्यांचा खरा उजेड पडला. दृश्य परिणामांचे ऑस्कर चौघांना मिळाले. त्यातला एक, इयान हंटर, प्रतिकृती घडवणारा होता. संगणकाची बाजू सांभाळणारी डबल निगेटिव्ह ही कंपनी २०१४ मध्येच मुंबईच्या प्राइम फोकसशी जोडली गेली. पाच वर्षांनी ‘द मँडलोरियन’ या मालिकेने पडद्याऐवजी एलईडीची सुमारे सहा मीटर उंचीची, २३ मीटर व्यासाची वाटोळी भिंतच उभारली, आणि त्याच मालिकेत नायकाच्या यानाचे हाताने घडवलेले मिनिएचरही कॅमेऱ्यापुढे आले. आपल्याकडे हैदराबादच्या अन्नपूर्णा स्टुडिओत अशी भिंत आहे.

या भिंतीचे वेगळेपण काय? रंगवलेला पडदा तर नाटकातही असतो. फरक कळायला वर्ध्याहून नागपूरकडे जाणाऱ्या एसटीत खिडकीशी बसावे. रस्त्याकडेची बाभळीची झाडे झरझर मागे जातात, शेतातले खोपटे सावकाश सरकते, लांबची टेकडी जवळपास जागीच राहते. एक डोळा मिटला तरी हे असेच दिसते. एका डोळ्याला खोली कळण्याचा हा सगळ्यात मोठा आधार आहे. रंगवलेल्या पडद्यासमोर कॅमेरा हलला की पडद्यावरचे झाड, खोपटे आणि टेकडी एकाच वेगाने सरकतात, आणि मेंदू ताबडतोब म्हणतो, हा तर सपाट कपडा. एलईडी भिंतीच्या स्टुडिओत खऱ्या कॅमेऱ्याची जागा आणि दिशा संवेदक क्षणोक्षणी टिपतात. संगणकात एक आभासी कॅमेरा तशीच हालचाल करतो आणि भिंतीवरचे चित्र त्याच्या नजरेने पुन्हा पुन्हा काढले जाते. कॅमेरा दोन पावले डावीकडे गेला की भिंतीतले जवळचे झाड जास्त सरकते, टेकडी कमी. व्हिडिओ गेमची तीच तंत्रे इथे वापरलेली असतात.

मिनिएचर प्रत्यक्ष चित्रित करायचे असेल तर हालचालीचेही माप बदलते. नटासमोरचा कॅमेरा १६० सेंटिमीटर सरकला, तर यंत्रावर बसवलेला मिनिएचरसमोरचा कॅमेरा नेमका दहा सेंटिमीटर सरकला पाहिजे. तिथे एका मिलिमीटरची चूक पडद्यावर सोळा मिलिमीटरची होते. माणसाचा हात एवढा स्थिर नसतो, म्हणून ‘स्टार वॉर्स’ (१९७७) पासून हे काम संगणकाच्या ताब्यातली यंत्रे करतात. रोबोटच्या साह्याने शस्त्रक्रिया करतानाही असेच प्रमाण लावता येते. सर्जनचा हात तीन सेंटिमीटर हलतो, पोटातले अवजार एकच, आणि हाताचा कंप वाटेत गाळला जातो.

प्रेक्षकासाठी हे सारे झकास. भिंतीसमोर दहा-बारा तास काम करणाऱ्यांचे काय, हा प्रश्न चित्रपटाच्या पानांवर फारसा येत नाही, पण आरोग्याच्या पानावर यायला हवा. भिंतीवरचे चित्र फक्त कॅमेऱ्याच्या जागेवरून बरोबर दिसते. दोन हात बाजूला उभ्या असलेल्या सहायकाला ते वाकडे दिसते, आणि कॅमेरा हलला की त्याच्यापुढची सारी दुनिया सरकू लागते. तो मात्र जागीच उभा असतो. वर्धा स्थानकावर शेजारची गाडी सुटली की आपलीच गाडी निघाल्यासारखे वाटते, तोच हा प्रकार, फक्त दिवसभर चालणारा. कानाच्या आतल्या तोलाच्या इंद्रियातून निरोप येतो, आपण स्थिर आहोत. डोळे म्हणतात, हललो. हे भांडण मिटले नाही की डोके जड होते, घाम येतो, मळमळते. घाटात बस लागते ती याच कारणाने, तिथे फक्त बाजू उलट असतात. ज्यांना बस लागते, ज्यांना अर्धशिशी आहे, त्यांना असा त्रास अधिक होतो. उपाय साधे आहेत. नजर भिंतीवरून काढून जमिनीवरच्या किंवा दूरच्या स्थिर वस्तूवर लावावी, थोडे बाहेर जाऊन यावे, उपाशीपोटी किंवा तट्ट जेवून उभे राहू नये, आणि कॅमेरा हलत नसताना भिंतीवरची हालचाल थांबवायला सांगावे.

डोळ्यांवर यंत्र चढवून आभासी दुनियेत शिरणाऱ्या दिग्दर्शकाची अडचण आणखी वेगळी. मान वळली आणि चित्र उशिरा वळले तर भोवळ येते, म्हणून हा विलंब साधारण २० मिलिसेकंदांच्या आत ठेवण्याचा प्रयत्न असतो. शिवाय दोन्ही डोळे कधी जवळच्या आभासी झाडाकडे वळतात, कधी लांबच्या टेकडीकडे, पण डोळ्याच्या भिंगाला मात्र एकाच ठरावीक अंतरावर नजर रोखून ठेवावी लागते. एरवी जोडीने चालणाऱ्या या दोन क्रियांची फारकत झाली की कपाळ ठणकते. आणि संगणकावर तासन्‌तास चौकटी दुरुस्त करणाऱ्यांचा त्रास तर घरोघरी ओळखीचा झाला आहे. एरवी मिनिटाला पंधरा-वीस वेळा लवणारी पापणी पडद्यासमोर पाच-सात वेळाच लवते, डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे पाहावे, हा सल्ला ऐकून ऐकून गुळगुळीत झाला आहे, पण अजून त्याहून स्वस्त औषध निघालेले नाही. फाळक्यांचे दुखणे शंभर वर्षांनी बहुजनांचे झाले, एवढेच.

धुराचीही दखल घ्यायला हवी. लांबच्या वस्तू हवेतल्या धुळीमुळे फिक्या, निळसर दिसतात. मिनिएचरमध्ये ते अंतर आणण्यासाठी बंद खोलीत तेलाचा किंवा ग्लायकॉलचा धूर तासन्‌तास कोंडून ठेवतात. त्याने घसा कोरडा पडतो, खोकला येतो, आणि दमेकऱ्याला झटका येऊ शकतो. ही धूळ आता संगणकात घालता येते. मिश्र पद्धतीचा हा फायदा कारागिरांच्या छातीला झाला.

आता पुन्हा एका डोळ्याकडे. कॅमेऱ्याच्या एका डोळ्याने प्रेक्षक फसतो, कारण उरलेल्या पुराव्यांवर मेंदू समाधानी असतो. हाच समाधानी स्वभाव लहान मुलातला मोठा दोष लपवतो. त्याला आळशी डोळा म्हणतात. जगभरच्या पाहण्यांत शंभर मुलांमागे साधारण एक ते तीन मुलांना तो आढळतो. एका डोळ्याचा नंबर दुसऱ्याहून बराच वेगळा असतो, किंवा डोळा तिरळा असतो, किंवा पापणी वा जन्मजात मोतीबिंदू आड येतो. अस्पष्ट डोळ्याकडून येणारी प्रतिमा मेंदू बाजूला सारतो आणि चांगल्या डोळ्यावर काम भागवतो. वापर न झाल्याने त्या डोळ्याची मेंदूतली जागा घडतच नाही. मूल धावते, पतंग उडवते, फळ्यावरचे वाचते, सायकल चालवते. झाडे झरझर आणि टेकडी सावकाश, हा हिशेब त्यालाही येतो. तक्रार ते करत नाही, कारण दोन डोळ्यांनी जग कसे दिसते हे त्याला माहीतच नसते. वाहन परवान्याच्या किंवा भरतीच्या तपासणीत, अठराव्या वर्षी, एका डोळ्यावर हात ठेवला जातो आणि तेव्हा घरात हलकल्लोळ होतो. तिरळेपणा निदान दिसतो तरी, पण नुसता नंबर वेगळा असलेला डोळा बाहेरून अगदी ठणठणीत दिसतो.

घरी करायची तपासणी दोन मिनिटांची आहे. तीन-चार वर्षांच्या मुलाला खेळता खेळता आधी एक डोळा तळहाताने झाकायला लावावा, मग दुसरा, आणि लांबची ओळखीची चित्रे विचारावीत. एक डोळा झाकल्यावर खुशाल खेळणारे मूल दुसरा झाकताच हात झटकून टाकत असेल, रडत असेल, मान वाकडी करत असेल, तर उरलेल्या डोळ्याला कमी दिसते असे समजून नेत्रतज्ज्ञाकडे जावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून अंगणवाडी आणि शाळांत पथके येतात, दृष्टीची तपासणी त्यात असते. पथक आले त्या दिवशी मूल गैरहजर होते, म्हणून विषय सोडून देऊ नये. जिल्हा रुग्णालयात ही तपासणी कधीही होते.

उपचार जितका लवकर तितका चांगला. सातव्या वर्षाच्या आत फळ सर्वांत जास्त मिळते, पण दहा-बारा वर्षांच्या मुलांतही काही सुधारणा दिसते, तेव्हा ‘आता उशीर झाला’ असे परस्पर ठरवू नये. आधी योग्य नंबरचा चष्मा. तो सतत वापरल्यानेच काही मुलांचे काम भागते. नाही भागले तर चांगल्या डोळ्यावर रोज पट्टी. मध्यम स्वरूपाच्या दोषात रोज दोन तासांची पट्टी सहा तासांइतकीच गुणकारी ठरते, असे अमेरिकेतल्या बालनेत्रतज्ज्ञांच्या गटाने २००३ मध्ये दाखवले, आणि पट्टी ओरबाडून काढणाऱ्या मुलांच्या आयांना मोठा दिलासा मिळाला. पट्टी किती तास आणि किती महिने, हे मात्र तपासणी करणाऱ्यानेच ठरवायचे. जास्त काळ बांधली तर चांगल्या डोळ्यावर परिणाम होऊ शकतो.

सिनेमाची विद्या इथे उपचाराच्या बाजूने आली आहे. डोळ्यांवर चढवायच्या आभासी दृश्याच्या यंत्रात मुलाच्या आवडीचे कार्टून लावतात. कमजोर डोळ्याला ते ठळक दाखवतात, चांगल्या डोळ्याला फिके, आणि चित्राचे काही तुकडे एका डोळ्याला तर काही दुसऱ्याला. गोष्ट पुरी दिसायची तर मेंदूला दोन्ही डोळे कामाला लावावे लागतात. चार ते सात वर्षांच्या मुलांसाठी अशा एका उपचाराला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१ मध्ये मान्यता दिली. चाचणीत मुलांनी चष्मा लावून रोज एक तास, आठवड्यातून सहा दिवस, बारा आठवडे कार्टून पाहिले, आणि नुसता चष्मा वापरणाऱ्यांपेक्षा त्यांची नजर अधिक सुधारली. हे यंत्र डॉक्टरच्या चिठ्ठीने वापरायचे असते. घरी मोबाइलवर तासभर कार्टून लावून देणे म्हणजे हा उपचार नव्हे, हे पालकांनी ध्यानात घ्यावे.

घरातला साधा कॅमेराही या कामी येतो. मोबाइलच्या फ्लॅशमध्ये काढलेल्या मुलाच्या फोटोत बाहुली लाल चमकली तर काळजी नाही. एका डोळ्यात ती पांढरट किंवा पिवळसर चमकलेली दिसली, आणि असे एकाहून अधिक फोटोंत दिसले, तर तो मोतीबिंदू असू शकतो, डोळ्याच्या पडद्यावरची कर्करोगाची गाठही असू शकते. त्याच आठवड्यात मुलाला नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे, आणि फोटो सोबत ठेवावा.